२० गोळ्या तपासून १० लाख गोळ्या पास कशा होतात? औषध कारखान्यांत नेमकं काय बदलतंय?

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड. इथल्या कुणाला ताप आला की तो सरकारी दवाखान्यात जातो किंवा मेडिकलवरून गोळी आणतो. स्ट्रिपवर नाव असतं, एक्सपायरी असते, बॅच नंबर असतो. पण आत जेवढं औषध लिहिलंय तेवढं खरंच आहे का, हे त्याला कळण्याचा कुठलाही मार्ग नसतो. डॉक्टरलाही नसतो. मेडिकलवाल्यालाही नसतो.

म्हणजे सगळा भरवसा तीन गोष्टींवर. कारखान्यात गोळी नीट बनली असेल, ती नीट तपासली गेली असेल आणि कारखान्यातून निघालेलीच गोळी आपल्या हातात आली असेल.

गेल्या काही वर्षांत या तिन्ही गोष्टींवर प्रश्नचिन्ह लागलंय. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात औषधच नसलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सापडल्या. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपमुळे २० हून अधिक लहान मुलांचा जीव गेला. त्यातल्या काही मुलांवर नागपुरात उपचार सुरू होते. दुसरीकडे केंद्र सरकारने औषध कारखान्यांसाठीचे नियम कडक केलेत आणि जगातल्या मोठ्या कंपन्या गोळ्या बनवण्याची जुनी पद्धतच बदलू लागल्यात.

या नव्या पद्धतीला म्हणतात कंटिन्युअस मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे सलग उत्पादन. ती नेमकी काय आहे? तिच्यामुळे आपल्या हातातली गोळी जास्त भरवशाची होईल का? समजून घेऊया.

आत्ता गोळी बनते कशी?

गोळीत मुख्य औषध असतं आणि सोबत स्टार्च, सेल्युलोजसारखी भर घालणारी पावडर असते. गोळी पोटात फुटावी म्हणून एक घटक आणि पावडर मशीनला चिकटू नये म्हणून आणखी एक घटक असतो.

हे सगळं मोजून एका मोठ्या ड्रममध्ये एकत्र फिरवतात. मग त्याचे दाणे पाडतात, वाळवतात, चाळतात, पुन्हा मिसळतात. त्यानंतर दाबयंत्रात गोळ्या पडतात, त्यांच्यावर कोटिंग होतं आणि शेवटी स्ट्रिपमध्ये पॅकिंग.

यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या मशीनवर होतो. एक टप्पा संपला की माल डब्यात भरून ठेवतात, नमुना लॅबला जातो, रिपोर्ट आला की पुढचा टप्पा. एका वेळी तयार झालेला हा सगळा माल म्हणजे एक 'बॅच'. पंगतीची भाजी एकाच पातेल्यात करावी तसं हे काम. पातेलं उतरवल्यावर चव घ्यायची आणि मग वाढायचं.

जगातल्या बहुतांश गोळ्या आजही अशाच बनतात. त्यात मुळात चुकीचं काही नाही. अडचण आहे ती चव घेण्याची.

२० गोळ्यांच्या तपासणीतून किती कळतं?

इंडियन फार्माकोपिया हे आपल्याकडचं औषधांच्या दर्जाचं अधिकृत पुस्तक. कुठल्या गोळीत किती औषध असावं आणि ते कसं तपासावं, हे त्यात दिलेलं असतं. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असायला हवं. ५०० मिलिग्रॅमची गोळी असेल तर ४७५ ते ५२५ च्या दरम्यान.

वजनासाठी २० गोळ्या घेतात. गोळी किती वेळात फुटते हे पाहायला ६. औषध पाण्यात किती विरघळतं हे पाहायला सुरुवातीला ६. प्रत्येक गोळीत औषध सारखं आहे का, यासाठी आधी १० गोळ्या.

आता एक साधं गणित करू. समजा एका बॅचमध्ये १० लाख गोळ्या आहेत आणि त्यातली दर शंभरातली एक गोळी खराब आहे. म्हणजे एकूण १० हजार खराब गोळ्या. या ढिगातून कुठल्याही २० गोळ्या उचलल्या, तर त्यात एकही खराब गोळी न येण्याची शक्यता किती?

सुमारे ८२ टक्के.

म्हणजे दहापैकी आठ वेळा ही बॅच तपासणीत पास होईल. कुणीही लबाडी न करता.

याचा अर्थ तपासणी बिनकामाची आहे असा नाही. सगळी बॅचच बिघडलेली असेल, औषध कमी पडलं असेल, तर ती पकडली जाते. चांगल्या कारखान्यात गोळ्या पडत असतानाही मधूनमधून वजन आणि कडकपणा तपासतात. पण मोठ्या दाबयंत्रावर तासाला लाखाहून जास्त गोळ्या पडतात. दर अर्ध्या तासाने नमुना घेतला, तरी दोन नमुन्यांच्या मध्ये ५० हजारांहून जास्त गोळ्या निघून गेलेल्या असतात.

म्हणूनच औषध उद्योगात एक तत्त्व अनेक वर्षांपासून सांगितलं जातं. दर्जा शेवटी तपासून आणता येत नाही, तो बनवतानाच आणावा लागतो.

बिघाड होतो कुठे?

चिवड्याचा डबा आठवा. कितीही नीट कालवला तरी चार दिवसांनी मीठ-मसाला तळाला जातो आणि पोहे वर राहतात. औषधाच्या पावडरीचंही तसंच होतं. बारीक आणि जाड कण डबा हलला, उचलला, ओतला की वेगळे होऊ लागतात. ड्रममध्ये उत्तम मिसळलेली पावडर दाबयंत्रापर्यंत पोहोचताना पुन्हा विस्कटू शकते. मग काही गोळ्यांत औषध जास्त आणि काहींत कमी.

५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलमध्ये हा धोका तसा कमी, कारण त्या गोळीचा बराचसा भाग औषधच असतं. पण थायरॉइडची गोळी घ्या. त्यात २५ मायक्रोग्रॅम औषध असू शकतं. गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरलं, तर चार हजार भागांत औषधाचा फक्त एक भाग. तो प्रत्येक गोळीत सारखा पडला पाहिजे.

दुसरी अडचण उलटी आहे. पावडर मशीनला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. ते गरजेपेक्षा जास्त वेळ मिसळलं, तर त्याचा थर कणांवर बसतो आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. अशा गोळीत औषध पूर्ण असतं, पण ती पोटात उशिरा विरघळते. दमट हवा, जास्त वाळलेले दाणे, कच्च्या मालाचा बदललेला लॉट, यातल्या कशानेही असा फरक पडतो.

मग सलग उत्पादनात वेगळं काय होतं?

सलग पद्धतीत सगळी मशीन एकमेकांना जोडलेली असतात. एका टोकाने पावडर आत जात राहते आणि दुसऱ्या टोकाने गोळ्या बाहेर पडत राहतात. मध्ये डबे भरून ठेवणं नाही की रिपोर्टची वाट बघत थांबणं नाही.

सुरुवातीला असतात फीडर. प्रत्येक घटकाचा फीडर काट्यावर बसवलेला असतो. त्याचं वजन दर सेकंदाला किती घटतंय यावरून मशीनला कळतं की किती पावडर पुढे गेली. वेग कमी-जास्त झाला की ते स्वतःच दुरुस्त करतं.

पुढे मिक्सर. इथे एकदम शेकडो किलो फिरवायची गरज नसते. थोडा-थोडा माल सतत मिसळत पुढे जातो.

मिक्सर आणि दाबयंत्राच्या मध्ये एक सेन्सर बसवतात. तो पावडरीवर निअर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात शोषतो. परत आलेल्या प्रकाशावरून मिश्रणात औषध किती आहे, याचा अंदाज काही सेकंदांत येतो. पावडर हातात न घेता, लॅबला न पाठवता.

शेवटी दाबयंत्र. प्रत्येक गोळी दाबताना किती जोर लागला हे मोजलं जातं. साच्यात पावडर कमी पडली की जोर कमी लागतो आणि ती गोळी बाजूला टाकली जाते. आधुनिक बॅच कारखान्यांतही ही सोय असते. मात्र या जोरावरून वजनाचा अंदाज येतो, औषधाचा नाही. म्हणून आधीचा सेन्सर महत्त्वाचा.

खराब माल बाजूला कसा काढतात?

हे समजायला पिठाच्या गिरणीत जावं लागेल. आधीच्या माणसाचे गहू दळून झाले आणि तुमची ज्वारी टाकली, की पहिलं पीठ कसं येतं? थोडं गव्हाचं, थोडं ज्वारीचं. मग हळूहळू निव्वळ ज्वारीचं. आधीचं पीठ एका क्षणात संपत नाही, ते काही वेळ मिसळत राहतं.

सलग उत्पादनातही हेच होतं. समजा औषधाचा फीडर ३० सेकंद अडखळला. ती कमी औषधाची पावडर पुढे ३० सेकंदांतच बाहेर पडत नाही. ती पुढच्या-मागच्या मालात मिसळून काही मिनिटं बाहेर येत राहते.

म्हणून कारखाना सुरू करण्याआधीच चाचण्या घेतात. आत गेलेला कण बाहेर यायला कमीत कमी किती वेळ लागतो आणि जास्तीत जास्त किती, याचं गणित मांडून ठेवतात. बिघाड झाला की यंत्रणा त्या गणितानुसार तेवढ्या वेळेतला माल आपोआप दुसरीकडे वळवते. दोन्ही बाजूंना थोडा जास्त वेळ धरून. बाकीचा चांगला माल वाचतो.

बॅच पद्धतीत नमुना नापास झाला तर पूर्ण बॅच अडकते. नमुना चुकून पास झाला तर खराब गोळ्याही बाजारात जातात. सलग पद्धतीत बिघाड कधी सुरू झाला, कधी संपला आणि त्या वेळेतल्या गोळ्या कुठे गेल्या, याची नोंद राहते. या पद्धतीचा खरा फायदा हा आहे. वेग त्यानंतर येतो.

मग यात बॅच नंबर कशाचा? तोही असतो. किती माल आत गेला, किती बाहेर आला किंवा ठरलेल्या वेगाने मशीन किती वेळ चाललं, यावरून बॅच ठरवता येते. जास्त गोळ्या हव्या असतील तर मोठं मशीन आणायची गरज नाही, तेच मशीन जास्त वेळ चालवायचं.

ही पद्धत आली कुठून?

तेल शुद्धीकरण, दूध पावडर, साखर हे उद्योग अनेक दशकांपासून सलग चालतात. औषध उद्योग मागे राहिला. त्याचं एक मोठं कारण म्हणजे परवानगी. एकदा मंजूर झालेली पद्धत बदलायची तर पुन्हा कागदपत्रं, पुन्हा चाचण्या. त्यामुळे जुनीच पद्धत चालू ठेवणं कंपन्यांना सोयीचं होतं.

२००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मार्गदर्शक सूचना काढून उत्पादन सुरू असतानाच मोजमाप करण्याला प्रोत्साहन दिलं. जुलै २०१५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या ऑरकाम्बी या सिस्टिक फायब्रोसिसच्या गोळीला सलग उत्पादनासह मंजुरी मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये जॅन्सेनच्या प्रेझिस्टा या एचआयव्हीच्या गोळीला बॅचवरून सलग पद्धतीवर जायची परवानगी मिळाली. असा बदल मंजूर होण्याची ती पहिलीच वेळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्यू १३ नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही अंतिम झाली.

महाराष्ट्रात याच्या जवळचं काम पुण्यात होतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. अमोल कुलकर्णी यांचा गट रसायनं सलग प्रवाहात तयार करण्याच्या तंत्रावर काम करतो. कुलकर्णी यांना २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही मिळाला. पण हा गोळीच्या आधीचा टप्पा. औषधाचं मूळ रसायन बनवण्याचा.

भारतातल्या कारखान्यांचं काय?

२०२३ मध्ये केंद्राने दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे १०,५०० औषधनिर्मिती युनिट आहेत. त्यातली सुमारे ८,५०० सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांत मोडतात आणि त्यातल्या फक्त २ हजारांच्या आसपास युनिटकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांचं प्रमाणपत्र होतं.

त्यामुळे उद्या सगळे कारखाने सलग पद्धतीवर जातील, ही अपेक्षा चुकीची ठरेल. मशीन महाग आहेत. सेन्सरमागचं गणित सतत तपासावं लागतं, कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला तरी ते पुन्हा बघावं लागतं. अगदी कमी औषध असलेल्या गोळीत सेन्सरला ते मोजणं अवघड जातं. शिवाय एकाच मशीनवर आज एक आणि उद्या दुसरं औषध काढणाऱ्या छोट्या कारखान्याला हा खर्च परवडणं कठीण.

भारतात बदल आलाय तो दुसऱ्या वाटेने. २८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने सुधारित शेड्यूल एम जाहीर केलं. औषध कारखाना कसा असावा आणि कसा चालवावा, याचे हे नियम. वर्षाला २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना सहा महिने आणि त्याखालच्यांना एक वर्ष मिळालं. नंतर, सुधारणेचा आराखडा घेऊन अर्ज करणाऱ्या छोट्या कारखान्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून दिली गेली.

या नियमांचा गाभा सलग उत्पादनाच्या विचाराशी जुळतो. शेवटच्या लॅब रिपोर्टवर विसंबून राहू नका. धोका कुठे आहे ते आधी ओळखा, मशीन आणि पद्धत नीट चालते हे सिद्ध करा, दरवर्षी प्रत्येक औषधाचा आढावा घ्या. मशीन जुनंच असलं तरी मोजायची सवय नवी लावता येते.

पण नागपूरच्या गोळ्यांचं काय झालं होतं?

२०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्यांचा नमुना अन्न व औषध प्रशासनाने घेतला. सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालात त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन नसल्याचं समोर आलं. लेबलवर ज्या कंपनीचं नाव होतं, ती अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या या गोळ्या हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या लॅबमध्ये बनल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या बनावट गोळ्यांचं प्रकरणही समोर आलं.

इथे फरक लक्षात घ्यायला हवा. कायद्याच्या भाषेत 'दर्जाहीन' औषध वेगळं आणि 'बनावट' औषध वेगळं. दर्जाहीन म्हणजे खऱ्या कारखान्यात बनलेलं, पण निकषात न बसणारं. बनावट म्हणजे मुळातच फसवणूक. सेन्सर, फीडर, शेड्यूल एम हे सगळं पहिल्या प्रकारावर उपाय आहेत. जो कारखानाच खोटा आहे, त्याला कुठलाही सेन्सर पकडणार नाही.

तिथे राखण करावी लागते ती खरेदीच्या दारात. पुरवठादार खरा आहे का, कंपनीचा परवाना खरा आहे का आणि गोळ्या रुग्णाला देण्याआधी तपासल्या गेल्या का? कळमेश्वरचा नमुना मार्च २०२३ मध्ये घेतला गेला आणि अहवाल आला डिसेंबरमध्ये. अँटिबायोटिकचा कोर्स पाच-सात दिवसांचा असतो. रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या लोकांच्या पोटात गेलेल्या असतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी औषध खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण उभं केलं. त्याची खरी परीक्षा इथेच आहे.

तिसरं दार कच्च्या मालाचं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं. छिंदवाड्याच्या सिरपमध्येही तेच विष सापडलं, ३९ वर्षांनी. उत्पादन बॅचने करा किंवा सलग, आत टाकलेला माल तपासलाच नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

आपण काय करू शकतो?

घरी बसून गोळीचा दर्जा तपासता येत नाही. पाण्यात गोळी टाकून पाहण्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरतात, त्यावरून औषध असली की नकली हे ठरत नाही. पण काही गोष्टी नक्की करता येतात.

* औषधाचं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आहे का ते बघा.
* १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या, सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे. तो स्कॅन करून स्ट्रिपवरच्या माहितीशी जुळवा.
* सीडीएससीओ दर महिन्याला दर्जाहीन औषधांची यादी जाहीर करतं. यादीत औषधाचं नाव दिसलं तर आधी बॅच नंबर बघा. एका बॅचमुळे सगळं औषध वाईट ठरत नाही. काही वेळा ती बॅच आपली नाहीच, बनावट आहे, असंही कंपन्यांनी सांगितलंय.
* बातमी वाचून बीपी, शुगर, थायरॉइडची गोळी स्वतःहून बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.
* गोळीने गुण येत नसेल किंवा त्रास झाला तर उरलेली स्ट्रिप फेकू नका. महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे १८००-२२२-३६५. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १८००-१८०-३०२४.

थोडक्यात

सलग उत्पादन हे उद्याचं तंत्र आहे आणि महागड्या औषधांपासून ते हळूहळू खाली येईल. रोहिणखेडच्या दवाखान्यातली स्वस्त गोळी मात्र अजून बरीच वर्षं बॅचमध्येच बनेल. ती भरवशाची व्हायला नव्या मशीनची वाट पाहायची गरज नाही. कच्चा माल आत घेताना तपासणं, बनवताना मोजणं आणि रुग्णाला देण्याआधी रिपोर्ट हातात असणं, या तिन्ही गोष्टी आजच्या कायद्यात आणि आजच्या मशीनवर शक्य आहेत. कळमेश्वरच्या रिपोर्टला लागलेले नऊ महिने नऊ दिवसांवर आणायला कुठल्याही परदेशी सेन्सरची गरज नाही.